रेल्वे अपघाताची भरपाई: क्लेम्स ट्रिब्युनलची सेवा नेमकी कशी आहे

चालत्या लोकलमधून प्रवासी पडला, जखमी झाला किंवा गेला, तर भरपाईसाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मोटार अपघातात समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, इथे तीही अट नाही. तरीही दावे फेटाळले जातात, आणि ते बहुधा कायद्याच्या काथ्याकुटात अडकून नव्हे, तर अपघाताच्या पहिल्या दिवशी तयार झालेल्या तीन-चार कागदांवर. एक स्टेशनमधला मेमो, एक हॉस्पिटलचा केस पेपर, एक पंचनामा आणि एक तिकीट. या सेवेचं परीक्षण करायचं तर तिच्या खिडकीपेक्षा या कागदांबद्दलच जास्त बोलावं लागतं.

ही सेवा म्हणजे रेल्वे दावा न्यायाधिकरण. वकिलांच्या तोंडी ‘आरसीटी’, बाकी सगळ्यांच्या तोंडी ‘क्लेम्स ट्रिब्युनल’. कायदा १९८७ चा, काम सुरू झालं नोव्हेंबर १९८९ मध्ये. महाराष्ट्रात पीठं दोन, मुंबई आणि नागपूर. पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक तांत्रिक सदस्य. मृत्यू आणि इजेचे दावे, बुक केलेल्या सामानाचे दावे, भाड्याच्या परताव्याचे दावे, तिन्ही इथेच चालतात. या विषयांसाठी दिवाणी कोर्टाचं दार कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे ‘दुसरीकडे जाऊन बघू’ ही सोय फारशी नाही.

गुण द्यायचे तर कायद्याला पाचपैकी चार, कार्यपद्धतीला दोन, रकमेला दोन. अपघाताच्या अर्जाला फी लागत नाही, याबद्दल कार्यपद्धतीला अर्धा गुण वाढवून देता येईल.

आधी कोणाला मिळतं ते. रेल्वे कायदा १९८९ मध्ये दोन वेगळी कलमं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. कलम १२४ म्हणजे गाडीलाच अपघात: टक्कर झाली, डबे घसरले. यात प्रवाशाच्या इजेबरोबर त्याच्या सोबतच्या सामानाचं नुकसानही मागता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि अर्जात सामानाचा रकाना रिकामा राहतो. कलम १२४-ए म्हणजे ‘अनुचित घटना’: दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, चोरट्यांनी किंवा दरोडेखोरांनी केलेली लूट, दंगल, गोळीबार, जाळपोळ, आणि प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं. मुंबईतले बहुतेक दावे या शेवटच्या चार शब्दांवर उभे असतात.

शब्द नीट वाचा: गाडीतून पडणं. हल्ला किंवा लूट फलाटावर, प्रतीक्षालयात, तिकीट खिडकीपाशी, स्थानकाच्या आवारात कुठेही झाली तरी चालते. पडणं मात्र गाडीतूनच हवं. पुलाच्या जिन्यावर घसरलात, फलाटाच्या फुटक्या फरशीला अडखळलात, तर १२४-ए लागू होत नाही. तिथे रेल्वेचा निष्काळजीपणा दाखवून वेगळा मार्ग धरावा लागतो. गाडीत चढताना पाय निसटून गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीत गेलात तर ते गाडीतून पडणंच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे: चढता-उतरताना पडलेला माणूसही यात येतो, आणि जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही. २०१० च्या आणखी एका निकालाने दारात उभं राहण्याचा मुद्दा निकाली काढला. उघड्या दारात उभं राहणं हा फार तर निष्काळजीपणा, गुन्हेगारी कृत्य नव्हे. म्हणून दिवा-मुंब्रा पट्ट्यात दाराला लोंबकळून जाणाऱ्याला ‘तुझीच चूक’ म्हणून परत पाठवता येत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन समोरासमोरच्या लोकलमधून प्रवासी पडले, तशी घटना सरळ १२४-ए मध्ये बसते.

फटका गँगचा प्रकारही बसतो. रुळांलगत उभ्या चोराने दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारली, मोबाइल गेला, तोल जाऊन माणूसही गेला. इथे लूट आणि पडणं दोन्ही आहे. गुन्हा जबरी चोरीचा नोंदवून घ्या. नुसती ‘मोबाइल गहाळ’ अशी नोंद झाली तर हाताशी आलेला पुरावा स्वतःच्या हाताने घालवल्यासारखं आहे.

काय बसत नाही तेही पाहा. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. रेल्वेचा वकील या पाचांपैकी एखादं पकडतोच. हॉस्पिटलच्या कागदावर ‘तोंडाला दारूचा वास’ असं एक वाक्य असलं तरी त्यावर तासभर युक्तिवाद होतो. उत्तर असं की वास म्हणजे नशा नव्हे. रक्ताचा किंवा व्हिसेराचा (मृताच्या अंतर्गत अवयवांच्या तपासणीचा) अहवाल कुठे आहे, हे विचारायचं. आकडी येणाऱ्या माणसाबाबत जुने औषधांचे कागद रेल्वेच्या हाती लागले तर ‘आजार’ हा बचाव येतो. तेव्हा शवविच्छेदनात मृत्यूचं कारण डोक्याची इजा आहे की हृदयविकार, यावर सगळं फिरतं.

आणि सगळ्यात मोठा अपवाद या यादीत नाहीच: रूळ ओलांडणं. रूळ ओलांडणारा ‘गाडीतून पडलेला’ नसतो आणि त्या क्षणी प्रवासी म्हणूनही मोजला जात नाही. खिशात वैध पास असला तरी. त्यामुळे रेल्वेचा ठरलेला बचाव एकच: हा पडलेला नाही, हा ओलांडताना उडालेला आहे. दाव्याची खरी लढाई इथे होते.

म्हणून पहिले चोवीस तास.

घटना कळताच स्टेशन मास्तर मेमो काढतो, लोहमार्ग पोलिसांना आणि हॉस्पिटलला. त्यात तो जे लिहितो ते पुढे दोन-चार वर्षं बोलत राहतं. ‘अनोळखी इसम किमी अमुक ते तमुकदरम्यान जखमी अवस्थेत आढळला’ आणि ‘अमुक लोकलमधून पडला’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मेमो बदलता येत नाही, पण पुढचा कागद नीट होऊ शकतो. तो म्हणजे हॉस्पिटलचा. आपत्कालीन विभागातला डॉक्टर घाईत ‘रेल्वे अपघात’ एवढंच लिहून मोकळा होतो. जखमी शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः, नसेल तर सोबत्याने सांगायचं: कोणती गाडी, कुठून कुठे, कसा पडला. आणि तसंच लिहिलं गेलं का ते वाचून पाहायचं. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या हॉस्पिटल-नोंदीतला हा एक शब्द, ‘पडला’, कित्येकदा पूर्ण दाव्याइतका मोलाचा ठरतो. लोहमार्ग पोलीस हॉस्पिटलात जबाब घ्यायला येतात. जखमी गुंगीत असेल तर जबाब दुसऱ्या दिवशी घ्या म्हणायचा हक्क आहे. वेदनाशामकाच्या अमलाखाली ‘हो साहेब’ म्हटलेलं वाक्य पुढे ‘रूळ ओलांडत होतो’ या स्वरूपात फाइलमध्ये सापडतं.

मृत्यू झाला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग घटनास्थळाचा आणि मृतदेहाचा असे दोन पंचनामे. पंचनाम्यात तिकीट, पास, मोबाइल, पाकीट काय काय मिळालं याची यादी असते. नातेवाइकाने ती यादी वाचल्याशिवाय वस्तू ताब्यात घेऊ नयेत. पास सापडला पण पंचनाम्यात लिहिला नाही, आणि नंतर घरच्यांनी तो कोर्टात दाखवला, की रेल्वे म्हणते ‘मागाहून ठेवला’. पासाचा क्रमांक पंचनाम्यात आलाच पाहिजे.

शरीरावरच्या जखमांचाही अर्थ लावला जातो. धड वेगळं झालं असेल, तर गाडीखाली आला म्हणजे ओलांडत होता, असं रेल्वे मांडते. हा तर्क नेहमी खरा नसतो. पडलेला माणूस त्याच गाडीच्या चाकाखाली किंवा शेजारच्या रुळावरच्या गाडीखाली जाऊ शकतो. मृतदेह कोणत्या दोन रुळांमध्ये, खांब क्रमांक किती, गाडीची दिशा कोणती, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून मांडलं की हा बचाव सैल पडतो. त्या गाडीच्या मोटरमनने किंवा गार्डने ‘माणूस उडाला’ असा मेमो दिला होता का, हेही पाहायचं. माणूस समोर येऊन धडकला तर मोटरमन सहसा कळवतो. कोणत्याच मोटरमनने काही कळवलेलं नसेल, तर ते पडण्याच्या बाजूने जातं.

आता तिकीट. घरात सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते, आणि विनाकारण. ९ मे २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. नातेवाइकाने शपथपत्रावर प्रवासाची हकीकत सांगितली की सुरुवातीचा भार उतरतो, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवणं रेल्वेवर येतं. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला एवढ्यावरून तो प्रवासी ठरत नाही. म्हणून शपथपत्र मोघम नको. ‘कामावर जात होते’ एवढं पुरत नाही. कोणती गाडी पकडायची सवय, कामाची वेळ, हजेरीपटाचा उतारा, आदल्या महिन्याचा पास, शेवटचा फोन कोणाला आणि कधी, असं सगळं लिहायचं.

मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचं सोपं आहे. फोनचा चुरा झाला तरी रेलवन (पूर्वी युटीएस) या रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपच्या खात्यात बुकिंगची नोंद राहते. त्याच क्रमांकाचं नवं सिम घेऊन लॉग-इन करायचं, नोंदीची प्रत काढायची. हे पहिल्या महिन्यातच करा. मृताचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला, दुसऱ्याला वाटला गेला, की हा रस्ता संपला. ऑनलाइन पैसे दिले असतील तर बँकेचा उताराही लागतो. पासधारकांनी ओळखपत्र आणि पास यांवरचा क्रमांक एकच आहे ना, हे आत्ताच पाहून ठेवावं.

अर्ज एका वर्षाच्या आत. इजा आणि मृत्यूच्या दाव्याला घटनेपासून एक वर्ष, बस. उशीर झाल्यास माफीचा अर्ज जोडता येतो, सबळ कारण लागतं, हॉस्पिटलात पडून असणं हे सबळ मानलं जातं. ‘कायदा माहीत नव्हता’ हे कारण एकट्याने टिकेल अशा भरवशावर राहू नका. आणि ‘पोलिसांचा अंतिम अहवाल येऊ दे’ म्हणून थांबू नका. तो नंतर जोडता येतो.

कुठे दाखल करायचा? इथे कायदा मोकळ्या मनाचा आहे. दावेदार राहतो तिथलं पीठ, तिकीट काढलं तिथलं, अपघात झाला तिथलं किंवा जायचं होतं त्या स्थानकाचं, चारांपैकी कोणतंही. ठाण्यात पडलेल्या माणसाचे आई-वडील विदर्भात राहत असतील तर नागपूरला अर्ज करता येतो. दर तारखेला मुंबई गाठण्याचा खर्च वाचतो. ही निवड एकदाच करायची असते, म्हणून साक्षीदार कुठे आहेत तेही मोजा.

कोणी करायचा? जखमीने स्वतः, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीने, अज्ञान म्हणजे अल्पवयीन असेल तर पालकाने. मृत्यूत ‘अवलंबित’ व्यक्तीने. कायद्यातला शब्द वारस नाही, अवलंबित आहे, आणि त्याची यादी कायद्यातच दिलेली आहे: पती किंवा पत्नी, मुलगे-मुली, मृत अविवाहित किंवा अज्ञान असेल तर आई-वडील. विवाहित मृताचे आई-वडीलही येतात, पण ते पूर्णतः किंवा अंशतः त्याच्यावर अवलंबून होते हे दाखवावं लागतं. म्हणून वारस दाखला मिळवण्यात आठ महिने घालवू नका. नातं दाखवायला रेशन कार्ड, विवाहाचा दाखला, जन्मदाखले लागतात. सगळे अवलंबित एकाच अर्जात घ्या. सुनेने सासूला वगळून अर्ज केला आणि सासू मध्येच उभी राहिली की फाइल सहा महिने मागे जाते. नावातली तफावत ही दुसरी डोकेदुखी: आधारवर एक आडनाव, पासावर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं स्पेलिंग. ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं शपथपत्र अर्जाबरोबरच लावावं, आक्षेपाची वाट पाहू नये.

ठरलेल्या नमुन्यातला अर्ज तीन प्रतींत देतात. ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आली आहे. प्रतिवादी म्हणून भारत सरकार, संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांमार्फत. इथे एक हमखास चूक: रेल्वे कोणती? हार्बरची लोकल मध्य रेल्वे चालवते, पण अंधेरी-गोरेगावकडे ती पश्चिमच्या हद्दीत असते. अशा वेळी दोघांनाही प्रतिवादी करणं सगळ्यात बरं. कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ आहे, तिथे मध्य रेल्वेचं नाव घालून चालत नाही.

पुढचा क्रम ठरलेला. नोंदणी शाखा छाननी करते, त्रुटी काढते. पंचनाम्याची प्रत वाचता येत नाही, वकीलपत्रावर सही नाही, असल्या त्रुटी. मग रेल्वेला नोटीस. रेल्वेचं लेखी उत्तर आणि त्यासोबत डीआरएम अहवाल. हा अहवाल म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाने केलेली चौकशी, विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या सहीने आलेली. तो हाती पडला की ओळ न् ओळ वाचा. निष्कर्ष बहुधा दावेदाराच्या विरुद्ध असतो, पण जोडलेल्या कागदांत स्टेशन डायरीचा उतारा, गार्डचा जबाब, कधी सीसीटीव्हीचा उल्लेख असतो, आणि ते निष्कर्षाशी जुळतंच असं नाही. बरेच दावे रेल्वेच्याच जोडपत्रांवर जिंकले जातात. सीसीटीव्हीचं चित्रीकरण फार दिवस राहत नाही, ते जतन करा असं पत्र पहिल्या आठवड्यात स्टेशन मास्तर, लोहमार्ग पोलीस आणि सुरक्षा दल तिघांना द्या, पोच घ्या. चित्रीकरण नंतर मिळालं नाही तरी ती पोच कामाला येते.

मग मुद्दे ठरतात, दावेदाराचं पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासणी, रेल्वेचे साक्षीदार, युक्तिवाद, निकाल. उलटतपासणीत मृताच्या पत्नीला विचारतात, ‘तुम्ही अपघात पाहिलात का?’ उत्तर ‘नाही’ असंच असतं आणि तेच द्यावं. पाहिल्याचा आव आणणारी साक्ष दावा बुडवते. एवढ्या क्रमाला किती वेळ लागतो ते पीठावर, सदस्यांच्या रिक्त जागांवर आणि रेल्वेच्या वकिलाच्या तारखा मागण्यावर अवलंबून. वर्ष सरणं नेहमीचं. कार्यपद्धतीचे गुण इथे कापले.

आता रक्कम. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख रुपये, त्याआधी ४ लाख होते. मृत व्यक्ती हमाल असो की सनदी लेखापाल, रक्कम तीच. उत्पन्नाचे दाखले गोळा करण्यात वेळ घालवू नका, ते इथे मोजलेच जात नाहीत. मोटार अपघातात उत्पन्न आणि वय यांवरून गुणक लावून रक्कम काढतात, तिला अशी वरची मर्यादा नाही. रेल्वेची रक्कम सरसकट आणि ठोकळ. त्यामुळे पैसे निकालानंतर झटपट ठरतात, पण तरुण कमावत्या माणसाच्या घराला ८ लाख म्हणजे काहीच नाही, आणि २०१७ नंतरच्या महागाईचा या आकड्याला स्पर्शही झालेला नाही.

इजेच्या रकमा भरपाईच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात दिल्या आहेत. दोन्ही हात जाणं, एक हात आणि एक पाय जाणं, दृष्टी पूर्ण जाणं, चेहरा भयंकर विद्रूप होणं, ठार बहिरेपण, या सगळ्यांना पूर्ण ८ लाख. खांद्याच्या सांध्यातून हात गेला तर ७,२०,०००. अंगठा गेला तर २,४०,०००. हात कापला गेला तर थोटूक किती इंच उरलं यावर रक्कम बदलते. म्हणून शल्यचिकित्सकाच्या दाखल्यात ‘हात कापला’ एवढं नको, नेमकी पातळी हवी. इथेच मोठा गैरसमज आहे. जिल्हा रुग्णालयाचं ‘६० टक्के अपंगत्व’ असं प्रमाणपत्र घेऊन लोक ८ लाखांच्या ६० टक्क्यांची अपेक्षा धरतात. न्यायाधिकरण टक्का पाहत नाही, परिशिष्टातली ओळ पाहतं. प्रमाणपत्र पूरक आहे, आधार नव्हे.

परिशिष्टात न बसणाऱ्या इजेला, म्हणजे वेदना आणि त्रासासाठी, न्यायाधिकरण वाजवी रक्कम ठरवतं, पण अशा सगळ्या इजा मिळून १,६०,००० च्या वर जाता येत नाही. अपवाद एक: इजा यादीत नसली तरी माणूस कोणतंही काम करायला कायमचा असमर्थ झाला, तर पूर्ण ८ लाख. मेंदूला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दावा या नियमाखाली मांडायचा असतो. तसा न मांडता ‘इतर इजा’ म्हणून मांडला तर आठ लाखांच्या जागी फार तर १,६०,००० वर येतो. हॉस्पिटलची बिलं स्वतंत्रपणे मिळत नाहीत, ती फक्त इजेची गंभीरता दाखवायला लावायची.

जुन्या अपघातांना व्याजाचं गणित लागतं. २०१८ च्या निकालाप्रमाणे अपघाताच्या दिवशीची रक्कम अधिक व्याज, आणि निकालाच्या दिवशीची रक्कम, यांत जी जास्त ती. समजा अपघात २०१४ चा, व्याज सरळ ९ टक्के धरलं. ४ लाखांवर वर्षाला ३६,०००. दहा वर्षांनी निकाल लागला तर ७,६०,००० होतात, ८ लाख जास्त, म्हणून ८ लाख. बारा वर्षांनी लागला तर ८,३२,०००, मग तेच. व्याजाचा दर पीठ ठरवतं, म्हणून अर्जात व्याजाची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.

भरपाई आणि सानुग्रह मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटनेनंतर रेल्वे अधिकारी जी मदत लगेच देतात ती सानुग्रह. सप्टेंबर २०२३ पासून रेल्वे अपघातातल्या मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख, किरकोळ इजेला ५०,०००. अनुचित घटनेत अनुक्रमे दीड लाख, ५०,००० आणि ५,०००. तीस दिवसांपेक्षा जास्त हॉस्पिटलात राहावं लागल्यास गंभीर जखमीला रेल्वे अपघातात दिवसाला ३,००० आणि अनुचित घटनेत सुरुवातीला १,५०० मिळतात, हा भाग लोक मागतच नाहीत. सानुग्रह रक्कम घेतली म्हणून न्यायाधिकरणाचा दावा जात नाही. कोणी ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर सही मागितली तर वाचून घ्या. शिवाय आरक्षित ई-तिकीट काढताना विम्याला टिचकी मारलेली असेल तर मृत्यूला १० लाखांचा विमा आहे, हप्ता रुपयाच्याही आत. तो दावा थेट विमा कंपनीकडे, आणि तिकीट काढल्यावर येणाऱ्या दुव्यावर वारसदाराचं नाव भरलं नसेल तर तिथे नवाच घोळ. लोकलच्या पासाला आणि अनारक्षित तिकिटाला हा विमा नाही.

सामानाची बाजू थोडक्यात, कारण तिथे मिळण्यासारखं थोडंच आहे. सोबत नेलेली बॅग चोरीला गेली तर रेल्वे जबाबदार नाही, जोवर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमरेच्या पट्ट्यातून गेलेल्या रोख रकमेबाबत हेच सांगितलं आणि ग्राहक आयोगांचे आदेश रद्द केले. आरक्षित डब्यात विनाआरक्षण माणसं शिरली, तिकीट तपासनीस फिरकला नाही, अशी ठोस त्रुटी असेल तरच ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत प्रयत्न करावा. चोरीची फिर्याद त्याच गाडीत देता येते. तपासनीस किंवा गाडीतल्या पोलिसांकडे फॉर्म असतो, प्रवास मोडावा लागत नाही. १३९ वरची किंवा रेल मदतवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात असू द्या.

बुक केलेल्या सामानाचं निराळं. ते हरवलं तर रेल्वे जबाबदार, पण किंमत जाहीर करून जादा शुल्क भरलं नसेल तर किलोमागे १०० रुपये. तीस किलोच्या ट्रंकेत चाळीस हजारांच्या पैठण्या असल्या तरी हाती तीन हजार. याच नियमांत हत्तीलाही दर आहे, नगाला ६,००० रुपये. त्यावरून हे आकडे कोणत्या काळात ठरले असतील याची कल्पना यावी. सामानाच्या दाव्यात आधी रेल्वेला नोटीस लागते, सामान सोपवल्यापासून सहा महिन्यांत. नोटीस नसेल तर दावाच चालत नाही. नोटिशीनंतरही प्रश्न सुटला नाही तर न्यायाधिकरणात जायला सामान सोपवल्यापासून तीन वर्षं आहेत.

वकील लावणं सक्तीचं नाही. पण उलटतपासणी असलेल्या प्रकरणात लावलेला बरा. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणारे दलाल ‘जिंकलात तरच, तीस टक्के’ म्हणतात. निकालावर अवलंबून टक्केवारीने फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, आणि बँक खातं दावेदाराच्या गावच्या शाखेत, त्याच्या एकट्याच्या नावावर असू द्या. दलालाने ‘सोयीसाठी’ उघडून दिलेल्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे, हे आधी विचारा.

निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील. अनुकूल निकालानंतर रेल्वेही अपिलात जाऊ शकते, आणि रक्कम वेळेत आली नाही तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. अज्ञान मुलांचा हिस्सा सहसा मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश असतो. शिक्षणासाठी आधी लागणार असेल तर तशी विनंती युक्तिवादाच्या वेळीच नोंदवून ठेवा, नंतर वेगळा अर्ज करून तारीख मिळेपर्यंत कॉलेजची फी भरायची मुदत उलटून जाते.